विश्लेषण : अमेरिकेत पहिली ‘सेमी-ऑटोमॅटिक’ रायफल घेताना किंमत बंदुकीची बघायची की गोळीची?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दुकानात जाऊन सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घेणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी १० एप्रिल २०२५ रोजी एका विधेयकावर सही केली. मॅगझिन काढता-घालता येणाऱ्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली घेण्याआधी प्रशिक्षण घ्यायचं आणि शेरीफकडून पात्रता कार्ड मिळवायचं, असं हा कायदा सांगतो. त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ ऑगस्ट २०२६ ठरवण्यात आली.

विधेयक मांडणाऱ्यांपैकी एक होते सिनेटर टॉम सुलिव्हन. २०१२ साली कोलोरॅडोतल्याच ऑरोरा शहरात चित्रपटगृहात झालेल्या गोळीबारात त्यांचा मुलगा ॲलेक्स मारला गेला. त्यामुळे कायदा कडक असणार हे उघड होतं. तरीही त्यात एक पळवाट, किंवा समजूतदारपणाची जागा म्हणा, मुद्दाम ठेवली आहे. पॉइंट टू-टू म्हणजे .२२ रिमफायर गोळी झाडणाऱ्या बहुतेक रायफली या अटीतून वगळल्या आहेत.

ही सवलत नेमकी याच बंदुकीला का? सुट्टीच्या दिवशी रिकामे डबे उडवायला किंवा कागदी निशाणावर नेम धरायला पहिली स्वस्त रायफल शोधणाऱ्या अमेरिकन माणसाला जुनेजाणते नेमबाज वर्षानुवर्षं जो सल्ला देत आलेत, त्याचं उत्तरही हीच बंदूक आहे. कायदा आणि गल्ला, दोन्ही बाजूंनी हिशोब इथेच येऊन थांबतो. तो कसा, ते समजून घेऊया.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन का?

नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. फरक इतकाच की रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं काडतूस नळीत भरण्याचं काम बंदूक स्वतः करते. बोल्ट-ॲक्शन रायफलीत हेच काम प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे ओढून करावं लागतं.

चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात, ती पूर्ण ऑटोमॅटिक. १९३४ पासून अशा शस्त्रांवर केंद्रीय कायद्याने नोंदणी आणि कर आहे, आणि १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. ‘एआर-१५’ मधल्या एआरचा अर्थ ‘असॉल्ट रायफल’ किंवा ‘ऑटोमॅटिक रायफल’ असाही नाही. ते आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावातून आलेलं आहे. व्हॉट्सॲपवर मात्र तिन्ही गोष्टींची खिचडी कायम असते.

स्वस्त म्हणजे किती?

दुकानातल्या भिंतीवर लागलेल्या रायफलींच्या किमती पाहिल्या तर फरक मोठा वाटतो, पण तो फसवा आहे. .२२ ची साधी सेमी-ऑटोमॅटिक रायफल साधारण १५० ते ४०० डॉलरमध्ये मिळते. एआर-१५ प्रकारातली सुरुवातीची मॉडेल्स ५०० ते ८०० डॉलरच्या घरात आहेत. म्हणजे दोन-तीनशे डॉलर जास्त टाकले की ‘खरी’ रायफल येते, मग लहान कशाला घ्यायची, असा विचार नवखा ग्राहक करतो. दुकानदारही बहुतेक वेळा अडवत नाही.

खरा खर्च पुढे सुरू होतो. बंदूक एकदाच घ्यायची असते, गोळी दर वेळी.

.२२ लाँग रायफल या काडतुसाचा दर अलीकडच्या काळात गोळीमागे साधारण ६ ते १० सेंट राहिला आहे. ९ एमएमची गोळी २० ते २५ सेंटला पडते. एआर-१५ मध्ये लागणारी .२२३ किंवा ५.५६ ची गोळी ४० ते ५० सेंटला. आता समजा एखादा माणूस महिन्यातून एकदा रेंजवर जातो आणि २०० गोळ्या झाडतो. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत २०० गोळ्या तासाभरात कधी संपतात ते कळतही नाही, त्यामुळे हा आकडा मुळीच फुगवलेला नाही. गोळीमागे ८ सेंट धरले तर .२२ चा एका खेपेचा खर्च १६ डॉलर. ९ एमएमचा २४ सेंटने ४८ डॉलर. .२२३ चा ४५ सेंटने ९० डॉलर.

वर्षाला हेच आकडे १९२, ५७६ आणि १,०८० डॉलर होतात. म्हणजे एआर-१५ घेणाऱ्याच्या नुसत्या गोळ्यांच्या पैशात दर वर्षी दोन-तीन .२२ रायफली विकत येतील. व्यवहारात काय घडतं, तर महागडी रायफल पहिल्या दोन महिन्यांनंतर कपाटात जाते. सराव होत नाही, नेम सुधारत नाही, आणि घरात एक शक्तिशाली शस्त्र नुसतं पडून राहतं. ‘परवडणारी’ बंदूक या शब्दाचा अर्थ म्हणूनच ‘वापरायला परवडणारी’ असा घ्यायला हवा.

.२२ इतकी स्वस्त का? ती रिमफायर आहे. म्हणजे ठिणगी पाडणारं रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, वेगळी टोपी बसवावी लागत नाही. धातू कमी, दारू कमी, बनवणं सोपं. तोटाही यातूनच येतो. एखादी गोळी पेटतच नाही, असं रिमफायरमध्ये जास्त होतं. रिकामं काडतूस पुन्हा भरून वापरता येत नाही. शिवाय सेमी-ऑटोमॅटिक यंत्रणा गोळीच्याच धक्क्यावर चालते, त्यामुळे कमी वेगाची, आवाज कमी करणारी काडतुसं घातली तर बंदूक अडकत राहते. नवी रायफल ‘खराब निघाली’ अशी तक्रार असेल तर आधी गोळ्यांचं खोकं बदलून बघावं.

स्वस्ताईलाही हमी नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर निर्बंध येणार या भीतीने लोकांनी इतकी साठेबाजी केली की .२२ ची खोकी दुकानांतून गायब झाली. ही टंचाई पुढे बराच काळ टिकली. २०२० मध्ये कोव्हिडच्या काळातही फळ्या रिकाम्या झाल्या होत्या.

कोणत्या रायफलींची नावं पुढे येतात?

पहिलं नाव जवळपास नेहमी एकच असतं, रुगर १०/२२. १९६४ पासून ही रायफल बाजारात आहे. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन दस्त्याच्या आतच बसतं, बाहेर लोंबत नाही. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. किंमत मॉडेलनुसार साधारण ३०० ते ४०० डॉलर. तिच्यासाठी सुटे भाग इतक्या कंपन्या बनवतात की नळीपासून चापापर्यंत सगळं बदलता येतं, आणि तीस वर्षांनीही दुरुस्ती होते. पहिल्याच खरेदीत चूक होऊ नये असं वाटणाऱ्याने इथे थांबायला हरकत नाही.

त्याहून स्वस्त हवी असेल तर ब्राझीलमध्ये बनणारी रॉसी आरएस२२ किंवा सॅव्हेज कंपनीची मॉडेल ६४ आहे. दोन्ही दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास. डबे उडवायला पुरेशा, पण सुटे भाग कमी आणि चाप जड. जुन्या बाजारात मार्लिन मॉडेल ६० दिसते. १९६० साली आलेली ही रायफल एकेकाळी अमेरिकेतल्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या रायफलींपैकी होती. नळीखालच्या दुसऱ्या नळीत गोळ्या भरायच्या, ही तिची खूण. रेमिंग्टन कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, मार्लिन रुगरकडे आली आणि मॉडेल ६० चं उत्पादन थांबलं.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ दिसायला हुबेहूब एआर-१५, पण गोळी .२२ ची. व्हिडिओ गेम खेळून मोठ्या झालेल्या पिढीला ही आवडते. ते समजण्यासारखं आहे, पण पुढे कायद्याच्या भागात हे रूप महागात पडतं.

९ एमएमच्या कार्बाइन हा मधला पर्याय. हाय-पॉइंट, केल-टेक, रुगर या कंपन्यांच्या आहेत. ज्याच्याकडे ९ एमएमचं पिस्तूल आधीच आहे त्याला एकच गोळी दोन्हीकडे चालते, बाकीच्यांना खास फायदा नाही. आणि एसकेएस? सोव्हिएत बनावटीची ही रायफल १९९० च्या आसपास शंभर-दीडशे डॉलरला मिळायची. ‘गरिबाची पहिली रायफल’ ही तिची ख्याती तेव्हाची. आज तीच पाचशेच्या वर जाते. जुने सल्ले वाचून ती शोधत फिरण्यात अर्थ नाही.

रायफलीच्या किमतीत न दिसणारा खर्चही धरायला हवा. कानांचं संरक्षण, चष्मा, रेंजची फी, साफसफाईचं सामान आणि कुलूप लागणारं कपाट. हे सगळं मिळून दोनशे-अडीचशे डॉलर सहज होतात. बंदिस्त रेंजवर हवेत शिशाचे कण असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नये, हे रेंजवाले सांगतात आणि नवखे विसरतात.

राज्य बदललं की बंदुकीची व्याख्या बदलते

खरा गुंता इथे आहे. केंद्रीय कायद्याने चालणारी तीच रायफल एका राज्यात खेळणं आणि दुसऱ्या राज्यात गुन्हा ठरू शकते.

न्यू जर्सीचं उदाहरण घ्या. ठरावीक संख्येपेक्षा जास्त गोळ्या मावणारं, न निघणारं मॅगझिन असलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल तिथे ‘असॉल्ट फायरआर्म’ मानली जाते. ही मर्यादा आधी १५ गोळ्यांची होती. एका माणसाकडे नेमबाजी स्पर्धेत बक्षीस मिळालेली मार्लिनची .२२ रायफल होती, तिच्यात १७ गोळ्या मावायच्या. त्याला शिक्षा झाली, आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयानेही ती कायम ठेवली. किती गोळ्या मावतात हे माहीत नव्हतं, हा बचाव चालला नाही. २०१८ मध्ये ही मर्यादा १० वर आली. म्हणजे शेजारच्या पेनसिल्व्हेनियातून शंभर डॉलरला आणलेली जुनी मॉडेल ६०, जिच्यात १४ गोळ्या मावतात, नदीपलीकडे तुरुंगाचं कारण होऊ शकते.

वॉशिंग्टन राज्यात २०१८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यात तर प्रत्येक सेमी-ऑटोमॅटिक रायफल ‘असॉल्ट रायफल’ धरली आहे. त्यात रुगर १०/२२ सुद्धा आली. वयाची अट २१ वर्षं आणि प्रशिक्षण सक्तीचं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेण्यासाठी परवाना लागतो, .२२ असली तरी. कोलोरॅडोने नेमकी उलटी वाट धरली आणि .२२ ला सोडलं. तिथेही एक मेख आहे. बंदुकीचा वरचा आणि खालचा सांगाडा वेगवेगळा असेल तर .२२ ची सवलत मिळत नाही. एआरसारख्या दिसणाऱ्या १५-२२ ची रचना अशीच आहे.

खुद्द एआर-१५ वर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मेरिलँड, वॉशिंग्टन अशा राज्यांत बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. मेरिलँडच्या बंदीविरुद्धचं प्रकरण २ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतलं नाही. पण न्या. ब्रेट कॅव्हानॉ यांनी सोबतच्या टिपणात हा मुद्दा न्यायालयाने पुढच्या एक-दोन सत्रांत हाती घ्यायला हवा, असं लिहून ठेवलं. आज घेतलेली एआर उद्या कायदेशीर राहील का, किंवा आज बंदी असलेली उद्या मोकळी होईल का, दोन्ही प्रश्न त्यामुळे अधांतरी आहेत. .२२ घेणाऱ्याच्या डोक्याला हा ताप बराच कमी.

दुकानात काय विचारतात?

१९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार १८ वर्षांच्या व्यक्तीला रायफल विकू शकतो. पिस्तुलासाठी मात्र २१ वर्षं लागतात. बिअरसाठीही २१ लागतात, हा टोमणा अमेरिकेत नेहमी ऐकू येतो. टेक्सासमधल्या युवाल्डी इथे २४ मे २०२२ रोजी शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिकांना मारणाऱ्या तरुणाने १८ वा वाढदिवस होताच एआर प्रकारच्या दोन रायफली कायदेशीर मार्गानेच घेतल्या होत्या. त्यानंतर त्याच वर्षी आलेल्या कायद्याने २१ वर्षांखालच्या ग्राहकांची तपासणी जास्त खोल केली आणि गरज पडल्यास दहा कामकाजी दिवसांपर्यंत थांबवण्याची मुभा दिली.

दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावरून एफबीआयची प्रणाली पार्श्वभूमी तपासते. बहुतेकांना काही मिनिटांत होकार येतो. तीन कामकाजी दिवसांत उत्तरच आलं नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. फॉर्मवर खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

‘लहान’ गोळी म्हणजे सुरक्षित गोळी का?

.२२ ची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची. .२२३ च्या तुलनेत तिची ऊर्जा जवळपास दहावा भाग. खांद्याला धक्का जाणवत नाही, म्हणून शिकायला ती उत्तम. पण ‘खेळण्यातली’ हा शब्द तिला अजिबात लावू नये. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा जीव .२२ नेच गेला, आणि १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांना लागलेली गोळीही .२२ चीच होती. गोळ्यांच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. शेतात डबा ठेवून नेम धरताना मागे मातीचा उंच बांध नसेल, तर चुकलेली गोळी अडीच किलोमीटरवरच्या घरापर्यंत जाऊ शकते.

आणि अमेरिकेतल्या बंदूकमृत्यूंचं चित्र बातम्यांत दिसतं तसं नाही. २०२३ मध्ये तिथे बंदुकीने सुमारे ४६,७०० जणांचा मृत्यू झाला. त्यातले २७,३०० च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त, आत्महत्या होत्या. यासाठी एआर-१५ लागत नाही, घरात हाताला लागेल अशी कुठलीही भरलेली बंदूक पुरते. रायफलीवर ३०० डॉलर आणि कपाटावर शून्य, असा हिशोब करणाऱ्याच्या घरी किशोरवयीन मूल असेल किंवा कुणी निराशेतून जात असेल, तर धोका गोळीच्या आकारावर अवलंबून राहत नाही. बंदूक रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, हा खर्च पहिल्या बिलातच धरायला हवा. कोलोरॅडोसह अनेक राज्यांत तो कायद्याचाही भाग आहे.

भारतात हे शक्य आहे का?

सर्वसामान्य माणसाला नाही. भारतात शस्त्र परवान्यासाठी किमान वय २१ वर्षं आहे. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो आणि कारण पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, मान्यताप्राप्त नेमबाजांना यात सवलत आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल तर साध्या परवान्याच्या यादीत बसतच नाही.

गंमत म्हणजे गोळी तीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच .२२ च्या काडतुसावर. फक्त त्या रायफलीत दर वेळी एकच गोळी हाताने भरतात. हौस म्हणून सुरुवात करणाऱ्याला इथे .१७७ बोअरची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय, ओळखपत्र दाखवून घेता येते.

अमेरिकेतल्या मराठी लोकांनी काय लक्षात ठेवावं?

हा भाग सोशल मीडियावरच्या रेंजच्या फोटोंमध्ये कधीच नसतो. ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती अमेरिकेत नागरिकाप्रमाणेच रायफल घेऊ शकते, राज्याच्या अटी पाळून. पण एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या, दोन्ही बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे, एवढ्याने फरक पडत नाही.

इथे कायद्यातला शब्द ‘बाळगणं’ आहे, ‘मालकी’ नाही. त्यामुळे मित्राची रायफल गाडीतून नेणं किंवा तिच्या गोळ्या घरी ठेवणं हेसुद्धा अडचणीत आणू शकतं, आणि रेंजवर भाड्याने बंदूक घेण्याआधीही हा प्रश्न विचारायलाच हवा. २०२२ पासून या गुन्ह्याला कमाल १५ वर्षांची कैद आहे. शिवाय बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशातून परत पाठवलं जाऊ शकतं, मग नोकरी आणि घर कितीही पक्कं असो.

कायद्यात मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद शिकारीच्या परवान्याचा. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हाती असेल तर नॉन-इमिग्रंट व्हिसावरची व्यक्तीही बंदूक घेऊ शकते. अनेक राज्यांत त्यासाठी आधी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. फॉर्म ४४७३ वर हा अपवाद नोंदवून परवाना दुकानदाराला दाखवायचा असतो. परवान्याची मुदत संपली, की कपाटातली तीच रायफल त्या दिवसापासून बेकायदा होते.